आषाढ अमावास्या, मुक्काम चेरी स्प्रिंग्ज

"आवसेच्या तोंडावर कुठे निघालात?" सासूबाईंनी पुण्याहून विचारलं तेव्हा मी गोठवलेल्या मटणाचा डबा जुन्या टॉवेलात गुंडाळत होते. "आवस आहे म्हणूनच निघालोय," असं म्हटलं आणि पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्कला जायचं तर अमावास्या धरूनच जायचं असतं. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात, पॉटर काउंटीत, ८२ एकरांचं हे एवढंसं उद्यान. तिथे धबधबा नाही, तळं नाही, फोटो काढावा असा कडा नाही. काळोख आहे. चहूबाजूंनी सस्क्वेहॅनॉक स्टेट फॉरेस्टचं २,६२,००० एकरांचं जंगल. समुद्रसपाटीपासून २,३०० फुटांवरचं पठार, म्हणजे आपल्या लोणावळ्याहून थोडं वरच. जी काही तुरळक गावं आहेत ती खाली दऱ्यांत, त्यामुळे त्यांचे दिवे वर पोचत नाहीत. राज्याने २००० साली हे उद्यान काळोख्या आकाशासाठी राखून ठेवलं आणि २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. हा दर्जा मिळवणारं ते जगातलं दुसरं ठिकाण. पहिलं युटातलं नॅचरल ब्रिजेस.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला 'कालनिर्णय' टांगलेलं असतं. एरवी त्याचा उपयोग चतुर्थी बघायला आणि मागच्या कोऱ्या जागेत, आता दूधवाल्याचा-मोलकरणीचा कुणाचाच हिशेब नाही म्हणून, फोन नंबर लिहायला. यंदा मार्च महिन्यात आमच्या खजिनदारबाईंनी त्याच्यावरून बोट फिरवत २४ जुलै २०२५ वर थांबवलं. आषाढ अमावास्या, गुरुवार. बुधवार ते शुक्रवार रजा टाकायची, शनिवार-रविवार अंथरुणात काढायचा. आमची वयं पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, तेव्हा ती शेवटची अट महत्त्वाची.

सहाजणांची नावं लिहिली तर ग्रूपवर भांडणं होतील, म्हणून हुद्द्यांवर भागवते. खजिनदारबाई, ज्यांनी आरक्षण केलं आणि शेवटच्या सेंटपर्यंत हिशेब पाठवला. हवालदार, जो प्रत्येक ठिकाणचे नियम वाचून येतो आणि मग आम्हाला सुखाने जगू देत नाही. गाडीवाला, ज्याने जूनमध्ये विजेवरची नवी गाडी घेतली आणि तेव्हापासून दुसऱ्या विषयावर बोलला नाही. डॉक्टरीणबाई, त्याची बायको, जिचा गुडघा दुखतो. माझा नवरा. आणि मी, माहेरची वाईची, तंबूत झोपायला मनापासून नाखूष.

आरक्षणाबद्दल आधी सांगते, कारण तिथेच निम्मे लोक अडकतात. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांना प्रवेश फी नाही, गाडी घेऊन सरळ आत जायचं. तंबूच्या जागेचे पैसे पडतात आणि ती ११ महिने आधीपासून ऑनलाइन मिळते. चेरी स्प्रिंग्जला मोजून ३० जागा आहेत. अमावास्येला लागून येणारे शनिवार-रविवार कधीच भरून गेलेले असतात, आम्हाला मधल्या वारांना मिळाली. एका जागेवर पाचच माणसं किंवा एक कुटुंब, म्हणून सहाजणांना दोन जागा घ्याव्या लागल्या. हवालदाराने याबद्दल दोनदा खात्री करून घेतली. मला वाटलं होतं सहावा माणूस कोण ते कुणाला कळणार आहे. पण दोन जागा घेतल्या ते बरंच झालं. एक घोरणाऱ्यांची, एक बाकीच्यांची.

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून थांबत-थांबत साडेपाच तास लागले. आय-८० ने पश्चिमेला, मग विल्यम्सपोर्ट, आणि पुढे जर्सी शोअर नावाचं गाव. समुद्र तिथून काही तासांवर, किनारा आहे तो सस्क्वेहॅना नदीचा. न्यू जर्सीहून जाऊन वसलेल्या लोकांवरून हे नाव पडलं म्हणे. आम्ही चालू जर्सीकर म्हणून गावाच्या पाटीसमोर फोटो काढून घेतला. तिथून रूट ४४ सुरू झाला की हळूहळू घरं संपतात, मग शेतं संपतात, मग फोनच्या काड्या संपतात. नकाशा आधीच उतरवून घ्या. गाडीवाल्याने विल्यम्सपोर्टला गाडी चार्ज केली होती तरी शेवटचे चाळीस मैल त्याची नजर रस्त्यावर कमी आणि टक्क्यांवर जास्त होती. पुढे 'गॉड्स कंट्री' अशी पाटी लागली. पॉटर काउंटीचं ते टोपणनाव. नवरा म्हणाला, "देवाच्या देशात निदान एक चार्जर तरी हवा होता."

लाकडांचं एक. आपल्या घरामागची लाकडं गाडीत घालून नेऊ नका. झाडं पोखरणारे किडे आणि ते ठिपकेवाले लँटर्नफ्लाय अशाच लाकडांवरून एका गावचे दुसऱ्या गावी जातात. नवऱ्याने दोन पोती भरून ठेवली होती, ती हवालदाराने निघताना आमच्याच अंगणात उतरवली. शेवटच्या टप्प्यात एका घरापुढे लाकडाच्या मोळ्या रचून ठेवलेल्या होत्या, शेजारी पत्र्याची पेटी, माणूस कुणी नाही. पैसे टाकायचे, मोळी उचलायची. खजिनदारबाईंनी सुटे नव्हते म्हणून वीसची नोट टाकली आणि उरलेल्या पैशांत बसतील तेवढ्या मोळ्या मोजून घेतल्या. त्या पेटीला कुलूप होतं, मोळ्यांना नव्हतं, हे मला फार आवडलं.

कँपग्राउंड अगदी साधं आहे आणि उद्यानवाले ते लपवत नाहीत. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल-बाकडं, शेकोटीसाठी लोखंडी कडं, आणि तंबूपुरती बऱ्यापैकी सपाट जमीन. डोक्यावर झाडं. या भागात ब्लॅक चेरीची मोठाली झाडं होती, त्यावरूनच उद्यानाचं नाव. त्यांची साल म्हणजे पापुद्रे सुटलेली, करपलेल्या पापडासारखी. शॉवर नाहीत. दुकान नाही. संडास खड्ड्याचे आहेत, फ्लश नाही, आणि नळ तर नाहीच. याबद्दल आपल्या लोकांत कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलते: पाण्याची बाटली वेगळी न्या, तिच्यावर ठळक खूण करा, आणि ती सरबताच्या बाटल्यांजवळ ठेवू नका. आम्ही गेलो तेव्हा संडास स्वच्छ होते, कागद होता. उकाड्याच्या दिवशी दुपारी वास येतो तेवढा येतो. डॉक्टरीणबाईंनी पाहणी करून "ससूनपेक्षा बरं" असा निकाल दिला. त्या तिथे शिकल्या आहेत, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क आहे.

तंबू आमचे चांगले निघाले. हवेच्या गादीचा पंप मात्र पहिल्या पाच मिनिटांत गतप्राण झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण बॅटरी 'आठ गाद्या भरते' असं खोक्यावर छापलं होतं. अर्धी भरली. उरलेल्या साडेतीन गाद्या नवऱ्याने आणि हवालदाराने पाळीपाळीने फुंकल्या. नवरा नंतर बाकड्यावर आडवा पडला तो मटणाचा वास सुटेपर्यंत उठला नाही.

तर मटण. गटारी खरं म्हणजे अमावास्येची, पण यंदा अमावास्या गुरुवारी, आणि नवरा गुरुवारी खात नाही. त्यामुळे बुधवारीच उरकायचं ठरलं होतं. दुसरी अडचण हवालदाराने निघतानाच सांगितली: पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांत दारूला बंदी आहे. गाडीवाल्याच्या डिकीतून एक खोकं मुकाट्याने आमच्या गॅरेजमध्ये परत गेलं होतं. ही आमची पहिली गटारी जी सोलकढीवर झाली. मटण सुकं घरून करून, गोठवून आणलं होतं. पाच तासांत ते बरोब्बर हवं तेवढं सुटलं, निखाऱ्यांवर बिडाच्या कढईत परतलं की झालं. भाकऱ्या सकाळच्या होत्या, त्या सरळ जाळीवर टाकल्या. कडेने कडक, मध्ये मऊ. या भागात काळी अस्वलं आहेत, म्हणून जेवण झाल्याबरोबर सगळा कचरा आणि उरलेलं अन्न गाडीत कुलूपबंद करायचं. अस्वल आलं नाही. शेजारच्या तंबूतले एक गृहस्थ आले, पांढरी दाढी, गळ्यात लाल टॉर्च. "हा वास कशाचा आहे?" एवढंच विचारलं. वाढून दिलं. त्यांनी घाम पुसत खाल्लं आणि त्या एका ताटलीवर आम्हाला पुढच्या दोन रात्री त्यांची दुर्बीण मिळाली. माझ्या मते हा व्यवहार त्यांना महागात पडला.

रात्री नऊनंतर शांतता पाळायची असते. आम्ही सहा मराठी माणसं नऊला गप्प बसलो, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते.

आकाश बघायच्या जागा दोन आहेत आणि त्यांतला फरक समजून घेऊन जा. एक रात्रभराचं निरीक्षण-मैदान, मोठ्या दुर्बिणी लावून पहाटेपर्यंत बसणाऱ्यांसाठी. तिथे नाव नोंदवून, पैसे भरून जायचं, आणि नियम फार कडक. दुसरं सगळ्यांसाठी खुलं मैदान, जिथे तासभर या, बघा, जा. दोन्हीकडे पांढरा उजेड चालत नाही. टॉर्च लाल हवा. शेकोटी कँपग्राउंडवर, मैदानावर नाही. कारण सरळ आहे: डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनचा एक पांढरा झोत पडला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही खुल्या मैदानावर गेलो. कँपग्राउंडवरूनही तारे दिसतात, पण झाडांच्या फटींतून, आणि जुलैत बघण्यासारखं जे काही आहे ते दक्षिणेला अगदी खाली असतं. ते झाडांनी खाल्लेलं. तंबूत पडल्या-पडल्या आकाशगंगा बघू अशा कल्पनेने जाणार असाल तर ती इथेच सोडून द्या. उठून चालावं लागतं.

डॉक्टरीणबाईंच्या गुडघ्यासाठी पहिल्या रात्री गाडी न्यावी लागली. उजेड असतानाच नेऊन लावली, मागची-पुढची बटणं बंद केली, आतल्या पडद्यावर काळा कपडा घातला. सगळं शिस्तीत. साडेदहाला संधिप्रकाश पूर्ण गेला. मैदानावर तीस-चाळीस माणसं असावीत, दिसत कुणीच नव्हतं, फक्त खुर्च्यांची करकर आणि कुजबुज. पंधरा मिनिटांनी डॉक्टरीणबाईंना थंडी वाजली, गाडीवाला शाल आणायला उठला. गाडीने आपल्या धन्याला ओळखलं. दहा पावलांवर असताना तिने पुढचे दिवे, मागचे दिवे, दारांच्या कड्या, खालची जमीन, सगळं लख्ख उजळून त्याचं स्वागत केलं. मैदानावरून जो सामुदायिक हुंकार उठला तसा मी फक्त वानखेडेवर तेंडुलकर बाद झाला तेव्हा ऐकलाय.

गाडीवाला परत येईना. तो डिकीमागे लपून बसला होता, कारण हलला की दिवे, थांबला की बंद. शेवटी किल्ली हवालदाराने ताब्यात घेतली, भाकऱ्या बांधून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये चार वेढे देऊन गुंडाळली आणि स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. मग गाडी गप्प. हा उपाय चालतो. नवीन गाडी असेल तर फॉइल न्या, आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे गाडी कँपग्राउंडवरच ठेवून पायी जा. दुसऱ्या रात्री डॉक्टरीणबाई पायीच आल्या. गुडघ्याचं नावही काढलं नाही.

आता आकाश. मी लहानपणी वाईला गच्चीवर झोपलेली आहे, तेव्हा तारे काय ते मला शिकवू नका, अशा तोऱ्यात मी खुर्चीत बसले होते. सरावल्यावर मान वर केली तर पहिल्यांदा वाटलं, झालं, ढग आले. ईशान्येकडून डोक्यावरून दक्षिणेपर्यंत पांढुरका पट्टा, मध्ये काळी चीर. दाढीवाले गृहस्थ शेजारून म्हणाले, ती आकाशगंगा. इथे ढग ओळखायचा तो काळा म्हणून, कारण त्याला खालून उजेडच मिळत नाही. जिथे तारे नाहीत असं भोक दिसतं, तो ढग. थोड्या वेळाने खरंच पश्चिमेला एक भोक सरकत गेलं.

दुसरं जे माझ्या लक्षात आलं ते कुणी सांगितलं नव्हतं. हात लांब करून वीत ताणली की आकाशातलं साधारण वीस अंशांचं अंतर मोजता येतं. हे मला आजोबांनी शिकवलं होतं. वाईला ध्रुव क्षितिजापासून वीतभर, किंचित कमीच. आणि वृश्चिकातली लालसर ज्येष्ठा पावसाच्या आधी रात्री दक्षिणेला दोन विती वर चढायची. इथे मोजलं तर ध्रुव दोन विती आणि ज्येष्ठा एक. अगदी उलट. वृश्चिकाची नांगी, मूळ नक्षत्र, तर अर्ध्या वितीवर, जेमतेम झाडांच्या शेंड्यांवर टेकलेली. मी तीन वेळा मोजलं. नवऱ्याला मोजायला लावलं. त्याची वीत मोठी आहे, म्हणून त्याचं उत्तर थोडं चुकलं, तरी अदलाबदल तीच. सत्तावीस वर्षं मी या देशात राहते आणि आपण पृथ्वीवर किती वर सरकलोय हे मला हाताच्या पंजाने त्या रात्री कळलं.

मध्यरात्रीच्या सुमाराला दक्षिणेला धनू आली. अमेरिकन लोक तिला चहाची किटली म्हणतात, आणि एकदा दाखवल्यावर दुसरं काही दिसत नाही, आकाशगंगा म्हणजे तोटीतून निघालेली वाफ. पण आमच्या खजिनदारबाईंनी त्या किटलीत पूर्वाषाढा आणि उत्तराषाढा शोधून दाखवल्या. आषाढातली पौर्णिमा त्यांच्याजवळ होते म्हणून महिन्याचं नाव आषाढ. तिच्या डावीकडे वर श्रवण, म्हणजे श्रावण. हा महिना आणि पुढचा महिना शेजारी-शेजारी टांगलेले. डोक्यावर अभिजित, हंस पंख पसरून आकाशगंगेतून खाली उतरताना, ईशान्येला शर्मिष्ठा आणि तिच्याखाली देवयानी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या दोघी इथेही एकमेकींशेजारीच?" मग ययातीवरून जी चर्चा सुरू झाली ती मी इथे लिहीत नाही. कुजबुजत भांडायला फार कौशल्य लागतं, एवढंच.

दीड वाजता शनी वर आला होता. दुर्बिणीपुढे आमची रांग. कडी बघायला मी किती वर्षं आसुसलेली होते! आणि यंदाच नेमकी ती आपल्याकडे फक्त कड करून उभी, मार्चमध्ये तर पार अदृश्य झाली होती. गोळ्यातून आरपार खुपसलेली सुई दिसली. मी "अय्या, एवढंच?" म्हणाले ते मराठीत होतं म्हणून वाचलं. पण हर्क्युलीसमधला तो तारकागुच्छ, एम १३, दाखवला तेव्हा माझ्याने बोलवलं नाही. रांगोळीची चिमूट काळ्या फरशीवर सांडावी आणि मध्यभागी जास्त पडावी तसा.

थंडीचं सांगायलाच हवं. तारीख २३ जुलै आणि मी स्वेटर, कानटोपी, त्यावर गोधडी. थंडी एक वेळ परवडली, दव परवडत नाही. खुर्च्या, ब्लँकेट, चष्मे, सगळं एक वाजेपर्यंत ओलं गच्च. प्लॅस्टिकचं एक कापड अंथरायला आणि एक पांघरायला न्या. दवामुळे दाढीवाल्यांनी दोनदा दुर्बिणीची काच पंख्याने वाळवली.

गुरुवारी उठलो ते साडेदहाला. काही केलं नाही. खरंच काही नाही. फोन चालत नाही म्हणून दर दहा मिनिटांनी खिशाकडे जाणारा हात दुपारपर्यंत थांबला. नवऱ्याने दोन तास एका लाकडाला टोक काढलं, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाई बाकड्यावर पडून पेशंटांच्या नावांशिवाय त्यांच्या गोष्टी सांगत होत्या. आम्ही न्यू जर्सीत अठरा वर्षं भेटतो, गणपतीला, वाढदिवसांना, दिवाळीला, पण नेहमी कुणीतरी वाढत असतं आणि कुणीतरी निघायच्या घाईत असतं. हवालदाराचे वडील गेले तेव्हा विमान चुकल्यामुळे त्याला पोचता आलं नव्हतं, हे आम्हाला त्या दुपारी कळलं. त्याने ते कणसं सोलता-सोलता सांगितलं. कुणी काही बोललं नाही, गाडीवाल्याने त्याच्या पुढ्यातली कणसं घेतली आणि सोलायला बसला.

चारच्या सुमाराला लायमन रन स्टेट पार्कला गेलो, गाडीने जवळच. तिथे ४५ एकरांचं तळं आहे, वाळूचा काठ आहे, पोहता येतं. आंघोळीचा प्रश्न तिथेच सुटला. पाणी गार, पण दोन डुबक्यांनंतर चालतं. ज्यांना लाकूडतोडीच्या इतिहासात रस आहे त्यांनी रूट ६ वरचं लंबर म्युझियम बघावं. हे आज दिसणारं घनदाट जंगल मुळातलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथले डोंगर पार बोडके केले होते. पाइन इमारतींसाठी, हेमलॉकची साल कातडी कमावायला. नंतर जे आपसूक उगवलं आणि जोपासलं गेलं, त्यात ही चेरी फोफावली. उद्यानातला लाकडी मंडप १९३० च्या दशकातल्या बेकारीत सरकारने कामावर घेतलेल्या पोरांनी बांधलेला आहे, ओंडक्यांचा, अजून भक्कम.

बर्फ, पेट्रोल किंवा राहिलेलं सामान यासाठी कूडर्सपोर्ट गाठावं लागतं. आम्ही एकदा गेलो. फोनला काड्या आल्या, सहाही फोन एकदम किणकिणले आणि सगळ्यांचे चेहरे ऑफिसातल्यासारखे झाले. बर्फ घेऊन लगेच फिरलो.

संध्याकाळी दिवे. आषाढ अमावास्या म्हणजे दिव्यांची आवस. वाईला आई घरातले सगळे दिवे, समया, कंदील सुद्धा, चिंचेने घासून पाटावर मांडायची. मी घरून कणकेचे गुळाचे दिवे उकडून आणले होते, डब्यात बारा. हवालदार म्हणाला, "ज्या ठिकाणी दिव्याला बंदी तिथे दिव्यांची पूजा करणारी तू जगात एकटी." खजिनदारबाईंनी त्याहून पुढची हरकत काढली: अमावास्या इथल्या वेळेने दुपारी तीनच्या सुमारालाच संपली, तांत्रिकदृष्ट्या श्रावण लागलाय. मी म्हटलं, माझ्या कॅलेंडरवर २४ छापलंय आणि मी छापलेलं मानते. आठ वाजता, चांगला उजेड असताना, टेबलावर कर्दळीच्या पानाऐवजी फॉइल, त्यावर सहा दिवे, तुपाच्या वाती. वारा नव्हता. शेजारचे दाढीवाले आणि त्यांच्या पलीकडची एक मुलगी बघायला आली. काळोख पडायच्या आत दिवे वाढवले. (दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. त्या मुलीला हे समजावताना माझी बरीच दमछाक झाली.) मग तेच दिवे तूप घालून खाल्ले. दाढीवाल्यांनी वात काढून घेतली, धुऊन खिशात ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

त्या रात्री काजवे होते. मैदानाच्या कडेला, गवतात, तुरळक. हिरवट उजेड, लुकलुक, कुणीही हरकत घेत नव्हतं. दोन वाजता पातळ ढग चढले आणि आकाश मिटत गेलं. शुक्रवारी पहाटे शुक्र बघायचा बेत होता तो गेला. इथे सतत असंच आहे. पैसे भरून, रजा टाकून, पाच तास गाडी हाकून पोचावं आणि दोन्ही रात्री ढग लागावेत, हे सहज होऊ शकतं. दाढीवाल्यांचे आधीचे तीन मुक्काम ढगांत गेले होते. म्हणून निदान दोन रात्री राहा. एका रात्रीसाठी येऊ नका.

लहान मुलं घेऊन जावं का, असं दोघींनी विचारलं. दहाच्या पुढची, जागं राहता येणारी असतील तर जरूर. पाचेक वर्षांचं पोर काळोखात 'लाईट लाव' म्हणून रडणार आणि तुम्हाला मैदान सोडावं लागणार. सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं असेल तर संडास, दव आणि उंचसखल जमीन यांचा विचार करा, जवळच्या गावात मोटेलमध्ये राहा आणि रात्री खुल्या मैदानावर तासभर येऊन जा. पण रात्री त्या रस्त्यांवर हरणं फार, सावकाश चालवा. आणि ज्यांना शॉवरशिवाय चालत नाही, त्यांनी मैत्री टिकवण्यासाठी घरी राहावं.

शुक्रवारी तंबू आवरताना दव इतकं होतं की ओलेच गुंडाळले. घरी आल्यावर ते आमच्या डेकवर वाळत घातले आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. बहुतेक काळे. त्यांनी चष्मा लावून एकेक नीट पाहिला. "मटण कुठाय?" म्हणाल्या.

पुढच्या वर्षी अधिक महिना येतोय, म्हणून आषाढ अमावास्या पुढे सरकून १२ ऑगस्ट २०२६ ला पडते, बुधवारी. म्हणजे गटारी वारासकट जमली. आणि दरवर्षी ययाती तारकासमूहातून येणारा उल्कावर्षाव, पर्सिड, ऐन भरात असतो त्याच रात्री. चंद्र नाही, उल्का आहेत. अकरा महिने आधी म्हणजे १२ सप्टेंबर २०२५ ला त्या रात्रीचं आरक्षण उघडेल. खजिनदारबाईंनी गजर लावून ठेवलाय. आमच्या दोन जागा कोणत्या होत्या, त्यांचे नंबर मी लिहिणार होते, पण तिने हे वाचून पहिल्यांदा तेच खोडायला लावलं.